रुग्णवाहिकेतलं बिऱ्हाड

आमच्या दारात रुग्णवाहिका येऊन उभी राहिली त्या दिवशी मला भेटायला सतरा माणसं आली. त्याआधीच्या अकरा महिन्यांत तिघं आली होती. एक सिलिंडरवाला, एक पत्ता चुकलेला आणि तिसरा शहादेव, नगरपंचायतीचा वसुली कारकून. त्यामुळे सतरा हा आकडा मला हुरूप देणारा वाटला. पण ती सगळी माणसं चेहरे पाडून आली, चपला त्यांनी आवाज न करता काढल्या आणि मी ओट्यावर बसून चहा पितोय हे पाहिल्यावर त्यांच्या तोंडावर जे उमटलं त्याला निराशाच म्हणावं लागेल. शेजारच्या भिवराबाई सहा केळी घेऊन आल्या होत्या. मी धडधाकट आहे अशी खात्री पटल्यावर त्यांनी त्यातली दोन मला दिली आणि चार परत नेली.

जाण्यापूर्वी त्यांनी गाडीकडे बोट करून विचारलं, “भाऊ, कुनाला आनायचं हाय का कुनाला न्यायचं हाय?”

दोन्ही नाही, असं मी सांगितलं. चौसाळ्याच्या एका गॅरेजवाल्याकडून मी ती गाडी विकत घेतली होती. ती एका दवाखान्यात बारा वर्षं नोकरी करून निवृत्त झाली होती, मी बत्तीस वर्षं करून. आता गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक करायचा आणि गावोगाव हिंडायचं, म्हणजे गाडीचंच घर करायचं, अशी योजना मी त्यांना समजावून सांगितली. भिवराबाईंनी माझ्यामागच्या चार खोल्यांकडे पाहिलं. चारही रिकाम्या होत्या.

“हे घर कमी पडतंय व्हय?” त्या म्हणाल्या.

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते केळी परत नेणाऱ्या बाईला देण्यासारखं नव्हतं.

उत्तर असं, की माझी बायको वनमाला मुलीच्या, धनश्रीच्या, बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. धनश्रीची रजा संपली, मग बाळाला दात आले, मग बाळ रांगायला लागलं, मग सांभाळणारी बाई सोडून गेली. बाळांचं काही ना काही चालूच असतं. मी दोनदा जाऊन आलो. त्यांचं घर अकराव्या मजल्यावर आहे. तिथल्या बाल्कनीत उभं राहिलं की खाली माणसं दिसतात, पण एकही ओळखू येत नाही. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी परत आलो. बाळंतपणाला निघताना वनमालानं मला विचारलं होतं, “तुम्ही राहाल ना नीट?” आणि मी म्हणालो होतो, “मला काय धाड भरलीय?” त्या तोऱ्याची फळं मी अकरा महिने भोगत होतो. सकाळी चहा टाकताना हात आपोआप दोन कपांचं पाणी ओततो. दुसरा कप फेकवत नाही, म्हणून पितो. त्यामुळे पित्त वाढलंय.

खरं सांगायचं तर मला ती परत यायला हवी होती. पण तसं म्हणायचं म्हणजे आधीचं वाक्य मागं घ्यायचं, आणि बत्तीस वर्षं टेबलामागे बसलेला माणूस एकदा मारलेला शेरा मागं घेत नाही. मे महिन्यात ती एकदा फोनवर सहज म्हणाली, की निवृत्तीनंतर फिरायचं ठरलं होतं आपलं, पण मला नाही बाई त्या लॉजच्या गाद्यांवर झोपवत. आपलं अंथरूण असावं, वर पंखा असावा, लाईट जावो न जावो. एवढं बोलून ती बाळाच्या जुलाबांकडे वळली. मी मात्र ते वाक्य रीतसर अर्ज म्हणून दाखल करून घेतलं. आपलं अंथरूण, वर पंखा आणि लाईट जायची भीती नाही, या तिन्ही अटी पुऱ्या करणारी जगात एकच वस्तू होती. चाकांवरचं, स्वतःची वीज बाळगणारं घर. ते झालं की ती येणार. तिला मी यातलं काही बोललो नाही. आधी पंखा फिरू द्यावा, मग तोंड उघडावं.

आता विजेबद्दल. मी वीज कार्यालयात होतो हे खरं, पण बिल दुरुस्तीच्या खिडकीवर. बत्तीस वर्षांत मी वायरीला हात लावलेला नाही. घरचा बल्बसुद्धा वनमालाच बदलायची, मी खाली स्टूल धरायचो. तरी आमच्या वडवणीत मला ‘लाईटीचे साहेब’ म्हणतात, आणि लाईट गेली की लोक आजही माझ्या घराकडे पाहून जे बोलायचं ते बोलतात. इतकी वर्षं शिव्या खाल्ल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला त्यातलं काहीतरी कळत असणार. म्हणून लिथियमच्या चार बॅटऱ्या घरी आल्या तेव्हा त्यांची माहितीपुस्तिका मी उघडलीसुद्धा नाही. ती कपाटात ठेवून दिली, महत्त्वाच्या कागदांत.

जोडणीसाठी बंकटला बोलावलं. बंकटचं बसस्टँडामागे मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार भरून द्यायची, हा त्याचा धंदा. त्यानं आल्या आल्या एक बॅटरी एका हातानं उचलली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. आमच्याकडे घरोघर इन्व्हर्टर आहेत आणि त्यांच्या बॅटऱ्या उचलायला दोन गडी लागतात.

“पोकळ हाय साहेब. फसवलं तुमाला,” तो म्हणाला. मग त्यानं ती उलटीपालटी करून पाणी घालायची झाकणं शोधली. तीही सापडेनात. “पानी कुठून पाजायचं हिला?”

हिला पाणी लागत नाही, असं मी सांगितलं. बंकटनं बॅटरी खाली ठेवली. “बिनपान्याची बॅटरी आन् बिनपान्याची हीर, दोनी सारख्याच,” असा निकाल त्यानं दिला आणि तो संध्याकाळपर्यंत गावभर झाला. दुसऱ्या दिवशी बाजारहाटाला आलेली माणसं वाट वाकडी करून पाणी न पिणारी बॅटरी पाहून गेली. एकानं तिला निदान पंधरा दिवसांतून एकदा ओलं फडकं गुंडाळायचा सल्ला दिला. सल्ला द्यायला माणसं थांबतात, चहाला थांबत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. चार कप टाकले होते, चारही मी प्यालो.

बंकटच्या दुकानात वायर एकाच रंगाची होती, हिरवी. धन कुठली आणि ऋण कुठली हे कळायला मार्ग नव्हता. तो प्रश्न भिवराबाईंनी सोडवला. त्यांनी देव्हाऱ्यातून कुंकू आणि बुक्का आणला. कुंकवाची ती धन, बुक्क्याची ती ऋण. योजना उत्तम होती. पण बंकटला घाम फार येतो. तासाभरात सगळ्या वायरी आणि बंकटचं कपाळ एकाच रंगाचं झालं.

पहिल्या दिवशी मी पंख्याचं बटण दाबलं आणि सायरन वाजला. दवाखान्याची जुनी वायर कुठेतरी आत राहून गेली होती. अख्खी गल्ली धावत आली. भिवराबाई या वेळी दोनच केळी घेऊन आल्या, तेवढा त्यांना अनुभव आला होता. दुसऱ्या दिवशी बंकटनं त्यातल्या दोन बॅटऱ्या एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड अशा जोडल्या. त्यामुळे बारा व्होल्टच्या पंख्याला चोवीस व्होल्ट मिळाले. पंखा असा फिरला की भिंतीवरचं कॅलेंडर उडालं, माझा चष्मा उडाला, आणि मिनिटभरात पंख्यानं धूर सोडून देह ठेवला. नवा पंखा आणला. तिसऱ्या दिवशी जोडणी बरोबर झाली, पण वायर इतकी तापली की तिचा हिरवा रंग पाघळायला लागला. मी ते बंकटच्या नजरेस आणून दिलं.

“गरम व्हतीय म्हंजी करंट चालू हाय,” तो शांतपणे म्हणाला. “थंड पडली आसती तर काळजी.”

इन्व्हर्टरनंतर भिंतीतून जाणाऱ्या विजेला पुरणारी वायर बॅटरीपाशी पुरत नाही. व्होल्ट कमी म्हणून अँपिअर जास्त, अँपिअर जास्त म्हणून वायर अंगठ्याएवढी जाड. हे त्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मी ती शेवटी कपाटातून काढली आणि भिंग घेऊन दोन आठवडे वाचली. मग जाड वायर आणली, फ्यूज आणला, इन्व्हर्टर आणला, छतावर सोलरची पॅनेलं चढवली आणि चारही बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवून स्वतःच्या हातानं जोडल्या. कुंकू कुंकवाशी, बुक्का बुक्क्याशी. बत्तीस वर्षांत ज्याला हात लावला नाही ते काम मी साठाव्या वर्षी केलं. आत भट्टीसारखं तापायचं. पाना कुणी हातात दिला असता तर बरं झालं असतं, असं सारखं वाटायचं. गणपतीत एका दुपारी पंखा फिरला. अगदी साधा, घरच्यासारखा. मी त्याच्याखाली आडवा झालो आणि बराच वेळ उठलोच नाही.

संध्याकाळी सातला वनमालाचा फोन येतो, बाळ दूध पीत असतं तेवढा वेळ. मी तिला सांगितलं की पंखा फिरला. ती म्हणाली, “बरं झालं.” मग म्हणाली, “बाळ आता पाळणाघरात रमायला लागलं.” मी म्हणालो, “बरं झालं.” मग ती जरा थांबून म्हणाली, “मी विचार करत होते, की आता...” आणि नेमका त्याच वेळी मी बोलायला लागलो होतो, की चार बॅटऱ्या समांतर जोडल्या म्हणजे व्होल्ट तेवढेच राहतात, पण अँपिअर चौपट होतात. ते सांगून होईपर्यंत बाळाचं दूध संपलं. ती काय विचार करत होती ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी विचारावं असं ठरवलं होतं, पण दुसऱ्या दिवशी फ्यूजबद्दल बोलायचं होतं.

गाडीचं घर झालं, तरी कागदावर ती रुग्णवाहिकाच होती. म्हणून जिल्ह्याच्या गावी, गाड्यांचे कागद बदलून देणाऱ्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या माणसानं वर न पाहता विचारलं, की रुग्ण कोण. मी म्हणालो, रुग्ण नाही. मग रुग्णवाहिका कशाला? ती रुग्णवाहिका नाही, घर आहे. घराचं काम इथं होत नाही, असं म्हणून त्यानं माझ्या मागच्याला पुढे बोलावलं. माझा संताप व्हायला हवा होता. पण आवाजाची ती सपाट पट्टी, ते वर न बघणं, ही माझीच बत्तीस वर्षांची कला होती आणि इतकी सफाईदार मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. दुसऱ्या खिडकीनं सात कागदांची यादी दिली. तिसरी खिडकी जेवायला गेली होती.

घरी आलो तर ओट्यावर शहादेव. त्याच्या कानावर आलं होतं की साहेबांनी अंगणात दुसरं घर बांधलंय. त्यानं गाडीची लांबी-रुंदी टेपनं मोजली आणि घरपट्टी लावायची तर चाकं बांधकामात धरायची का, असं मलाच विचारलं. जिल्ह्याला जे घर नव्हतं ते वडवणीत घर ठरलं. मी त्याला जिल्ह्याला जाऊन तसं सांगायची विनंती केली. तो म्हणाला, माझं काम हद्दीतलं. एकूण काय, तर माझी गाडी कायद्यानं उभी राहायला लायक होती, चालायला नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी बंकट दुकान धुतो, तार भरायच्या यंत्राला हार घालतो आणि त्याला दिवसभर हात लावत नाही. भिवराबाई म्हणाल्या, की बॅटरी बी यंत्रच हाय, तिची पूजा कावून न्हाई? मला बरं वाटलं. घरात सणाची एवढीच हालचाल होती. मी झेंडूचं तोरण बांधायला गाडीच्या मागच्या दाराशी गेलो. आत भिवराबाईंनी निरांजन लावायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून पितळी ताट बॅटरीवर ठेवलं. धन आणि ऋण, दोन्ही खांबांवर, अगदी मापात बसलं.

आवाज मोठा झाला नाही. फट् असा झाला, निळा उजेड पडला आणि निरांजन विझलं. मी वळून पाहिलं तर भिवराबाई स्ट्रेचरच्या जागी केलेल्या पलंगावर बसल्या होत्या आणि ताटाच्या काठाला ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा नव्हता. मी त्यांचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. कुठेही काही नव्हतं. त्या मात्र ताटाकडे बघत होत्या.

“देवीनं घास घेतला, भाऊ,” त्या म्हणाल्या.

तो घास पाहायला कोजागिरीपर्यंत रांग लागली होती. बॅटरीच्या पोटात एक रक्षक चकती असते, तिनं संकट ओळखून दार लावून घेतलं होतं. चार्जर लावल्यावर ते पुन्हा उघडलं. मी बॅटऱ्यांवर लाकडी झाकण बसवलं. झालं ते एवढंच, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ते झाकण पुन्हा पुन्हा हलवून पाहत होतो. आपल्या हौसेपायी एका म्हाताऱ्या बाईचा जीव गेला असता, हे कुणापाशी तरी बोलावंसं वाटत होतं. सातला फोन आला. वनमालानं विचारलं, पूजा झाली का? मी म्हणालो, झाली, चांगली झाली.

दिवाळी गेली. मग रब्बीच्या पाण्याला सुरुवात झाली, सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. डीपी जळणं आम्हाला नवीन नाही. नवी यायला दिवस लागतात हेही नवीन नाही. नवीन एवढंच होतं, की अंधाऱ्या गल्लीत एक रुग्णवाहिका लखलखत होती.

पहिल्या संध्याकाळी भिवराबाई मोबाईल चार्ज करायला आल्या. दुसऱ्या संध्याकाळी शहादेव आला, घरपट्टीचा विषय न काढता. तिसऱ्या दिवशी बंकटनं खिडकीतून एक हिरवी वायर बाहेर काढून स्वतःच्या घरापर्यंत नेली. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, “साहेब, सरकारच्या तारेवर आकडा टाकला तर तुमीच बोंबलता. हितं टाकला तर काय बिघडलं?” आठवड्याभरात सहा घरांच्या वायरी माझ्या गाडीत शिरल्या. गावोगाव हिंडायला केलेलं घर सहा दाव्यांनी बांधलेल्या म्हशीसारखं अंगणात उभं राहिलं. भिवराबाईंच्या सांगण्यावरून मी घरातला टीव्ही गाडीत आणला. संध्याकाळी मालिकेला अकरा माणसं बसायची, पलंगावर सहा, खाली पाच. मी दाराशी उभा राहून बॅटरीचा टक्का बघायचो आणि चहा करायचो. चहाची पातेली संपायची. इतक्या वर्षांत आमच्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. मला फार सुख झालं, हे कबूल करतो.

त्याच गोंगाटात रोज सातला फोन यायचा. वनमाला विचारायची, कोण हसतंय? मी सांगायचो, भिवराबाई. कोण ओरडतंय? बंकट. दहाव्या दिवशी ती म्हणाली, “तुमचं छान चाललंय की. मला उगीच घोर लागला होता. धनश्री म्हणते उन्हाळ्यापर्यंत राहा. राहू का मग?”

माझ्यामागे अकरा माणसं एकदम हसली. टीव्हीत कुणाचं तरी लग्न मोडलं होतं. मी म्हणालो, “बघ तुझं तू. मला काय धाड भरलीय?”

अठराव्या दिवशी डीपी आली. मालिका ऐन रंगात असताना गल्लीतले दिवे लागले आणि माझ्या गाडीतली अकराच्या अकरा माणसं उठली. पुढचा भाग ज्यानं त्यानं आपापल्या घरी पाहिला. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. शहादेव जाताना म्हणाला, “बंद करा आता साहेब, बॅटरी कावून जाळता?” बंकटनं दुसऱ्या दिवशी आपली वायर गुंडाळून नेली. राग धरावा असं कुणी काही केलं नव्हतं. दिवा लागला की माणूस आपल्या घरी जाणारच. तरी त्या संध्याकाळी मी बॅटरीचा टक्का पाहिला तेव्हा तो शंभर होता आणि ते मला बरं वाटलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. सात वाजायच्या आधी मी गाडीत जाऊन टीव्ही मोठा करून ठेवू लागलो. माणूस उन्हाळ्यापर्यंत एकटा राहील, पण एकटा पडलाय असं ऐकू येता कामा नये. पहिल्या दिवशी बातम्यांतली भांडणं चालू होती. वनमालानं विचारलं, कोण भांडतंय? मी म्हणालो, बंकट आणि शहादेव, घरपट्टीवरून. दुसऱ्या दिवशी भजन लावलं आणि भिवराबाईंच्या नावावर खपवलं. तिसऱ्या दिवशी एका मालिकेतली सासू रडत होती.

“भिवराबाई का रडतायत?” वनमाला म्हणाली. “काय झालं त्यांना? द्या जरा फोन त्यांच्याकडे.”

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. सासू रडत होती. बिल दुरुस्तीच्या खिडकीवर मला बत्तीस वर्षांत एकही सबब कमी पडली नव्हती, त्या वेळी एकही सुचेना. मी टीव्ही बंद केला. मग गाडीत नुसता पंख्याचा आवाज राहिला.

“भिवराबाई नाहीत,” मी म्हणालो. “कुणीच नाही. टीव्ही होता तो. परवाही टीव्हीच होता.”

मी पलंगाच्या कडेला बसलो.

“मला इथं करमत नाही, वनमाला. तू गेल्यापासून एक दिवस करमलेलं नाही. तू ये.”

पलीकडे बाळाला कुणीतरी उचलून नेल्याचं ऐकू आलं. मग दार लागलं. मग ती बोलली.

“एवढं बोलायला तुम्हाला दीड वर्ष आणि चार बॅटऱ्या लागल्या?”

ती म्हणाली, की गणपतीत बाळ पाळणाघरात जायला लागलं त्या दिवशीच तिनं बॅग भरली होती. मी ये म्हणेन याची वाट बघत होती. मी अँपिअर सांगत बसलो. “दिवसभर इथं घरात मी एकटी असते. रोजची साडी त्याच बॅगेतून काढते, धुऊन वाळवून परत त्यातच ठेवते. कपाटात लावल्या नाहीत. लावल्या म्हणजे राहायला आले असं होईल.”

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “तुम्हाला धाड भरली नव्हती ना.”

मग तिनं विचारलं, की ती गाडी घेऊन मला न्यायला येताय का? मी पुढे जाऊन बसलो आणि किल्ली फिरवली. गाडी टक् असं म्हणाली आणि थांबली. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. पंख्याला, टीव्हीला, सहा घरांना पुरून उरलेली वीज मागे भरून होती, पण इंजिनाची आपली वेगळी बॅटरी असते, जुनी, पाणी पिणारी. जूनपासून तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिला पाणी पाजायला हवं होतं. हे मी वनमालाला जसंच्या तसं सांगितलं. ती हसायला लागली आणि तिला ते आवरेना. इतक्या दिवसांत ती हसल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“एसटीनं या,” ती म्हणाली.

सकाळी बीडला जाऊन पुण्याची गाडी धरली. गर्दी होती. खिडकीजवळची जागा मिळाली आणि बसता बसता शेजारच्या जागेवर मी रुमाल टाकला. तीस वर्षांची सवय, वनमाला मागून चढायची. बोचकं घेतलेली एक बाई रुमालापाशी येऊन थांबली.

“बाबा, हितं कुनी हाय का?” तिनं विचारलं.

मी रुमाल उचलून खिशात ठेवला.

“आज नाही,” मी म्हणालो. “येताना आहे.”